गळ्यात चिठ्ठी अडकवलेली मुलं



एकदा मी वर्गात दुसऱ्या महायुद्धाची माहिती सांगत होते. फळ्यावर लिहिलं, सुरुवात १९३९, शेवट १९४५. खाली रेघ मारली आणि खडू ठेवला. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, युद्ध संपल्यावर तिथली लहान मुलं बरी झाली का हो?"

मला पटकन उत्तर देता येईना. मग मी पुस्तकं धुंडाळली. तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हांला सांगते.

१ सप्टेंबर १९३९. शहरांवर बाँब पडतील या भीतीने इंग्लंडच्या सरकारने मुलांना खेड्यांत हलवायला सुरुवात केली. अवघ्या तीन-चार दिवसांत सुमारे १५ लाख लोक हलवले गेले. त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं होती, तीही आईवडिलांशिवाय! गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचं खोकं, हातात कपड्यांची पिशवी. कुठे जायचं, किती दिवस राहायचं, काहीच ठाऊक नाही. गावात पोचल्यावर अनोळखी माणसं येत आणि "हा मुलगा आम्ही नेतो" म्हणून निवड करत. कुणाला मायेचं घर मिळालं, तर कुणाच्या वाट्याला नुसतीच कामं आली.

मुलं बाँबपासून वाचली. पण मनाचं काय?

युद्धाच्या काळात ॲना फ्रॉइड या बाई लंडनमध्ये लहान मुलांची निवासी बालगृहं चालवत होत्या. त्यांना एक नवल दिसलं. बाँब पडत असतानाही आईच्या कुशीत असलेली मुलं पुष्कळदा सावरत. उलट सुरक्षित जागी, पण आईपासून दूर असलेली मुलं जास्त कोमेजत!

फिनलंड देशातूनही सुमारे ७० हजार मुलं युद्धकाळात स्वीडन आणि डेन्मार्कला पाठवली गेली. ती मुलं साठीला आली, तेव्हा हेलसिंकी शहरातल्या संशोधकांनी त्यांच्यापैकी अनेकांची विचारपूस केली. एकटी पाठवलेली मुलं आणि घरीच राहिलेली मुलं यांची तुलना केली. उदासपणाची लक्षणं एकट्यानं गेलेल्यांमध्ये अधिक आढळली. मध्ये साठ वर्षं गेली होती बरं का!

इतक्या वर्षांनी असं का व्हावं? तरुणपणी नोकरी, घर, मुलंबाळं यांत माणूस गुंतलेला असतो. म्हातारपणी नोकरी संपते, मुलं दूर जातात, जोडीदारही जातो. घर शांत होतं आणि जुन्या आठवणी दार ठोठावू लागतात. सायरनसारखा आवाज आला तरी छातीत धस्स होतं, असं अनेकांनी सांगितलं आहे.

रशियातल्या लेनिनग्राड शहराला जर्मन सैन्याने १९४१ ते १९४४ असा जवळजवळ ९०० दिवस वेढा घातला होता. १९४१ च्या हिवाळ्यात तर लहान मुलांना दिवसाला फक्त १२५ ग्रॅम पाव मिळे, तोही भेसळीचा. त्यातून जगलेली कितीतरी माणसं म्हातारपणीही पावाचा तुकडा टाकू शकत नसत. टेबलावरचे कणसुद्धा वेचून खात.

मात्र सगळ्यांचंच मन कायमचं दुखावतं असं नाही. याचं उदाहरण आपल्या कोल्हापूरजवळ आहे! पोलंडमधल्या अनेक कुटुंबांना १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सरकारने घरातून उचलून सैबेरियासारख्या दूरच्या भागांत नेलं. तिथून सुटून, इराणमार्गे, सुमारे ५ हजार पोलिश लोक वळिवड्याच्या छावणीत आले. त्यांत बायका-मुलंच जास्त. १९४३ ते १९४८ ते तिथे राहिले. मुलांना स्वतःच्या भाषेची शाळा मिळाली, स्काउटचे खेळ मिळाले, आपली माणसं मिळाली. पुढे म्हातारपणी त्यांच्यापैकी कित्येक जण मुद्दाम कोल्हापूर बघायला परत आले. दुःख ते विसरले नव्हते, पण त्याच्या शेजारी आनंदाच्या आठवणीही होत्या.

म्हणून त्या मुलीला मी सांगितलं, "जखम भरते गं, पण खूण राहते. आणि जवळ आपलं माणूस असलं, तर ती लवकर भरते."

तुमच्या आजी-आजोबांनी युद्ध पाहिलं नसेल, पण १९७२ चा दुष्काळ पाहिला असेल. आजी शिळी भाकरी टाकू देत नाही, आजोबा पुनःपुन्हा पाण्याचा हंडा भरून ठेवतात. हसू नका हं! जवळ बसा आणि विचारा, "तुम्ही लहान असताना काय झालं होतं?" सांगावंसं वाटलं तर सांगतील. नाही वाटलं तर हट्ट करू नका, नुसते शेजारी बसा.

आणि पालकांनो, टीव्हीवर युद्धाच्या बातम्या लागल्या, तर मुलांना एकटं बघायला सोडू नका. त्यांच्या प्रश्नांना उत्तर येत नसेल, तर तसं सांगा. मीही तेच केलं होतं.