कुडलच्या तुळईवरची मराठी

सोलापूरकरांना देऊळ म्हटलं की आधी सिद्धेश्वर आठवतो. आज आम्ही बोलणार आहोत त्याहून जुन्या ठिकाणाबद्दल. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हत्तरसंग कुडल. इथं भीमा आणि सीना मिळतात. कानडीत ‘कूडल’ म्हणजे संगमच.

इथं देवळं दोन, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. हरिहरेश्वर तर मातीच्या ढिगाऱ्याखाली गडप झालं होतं. गेल्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी आणि विद्यार्थ्यांनी ते उकरून काढलं. तिथलं शिवलिंग बघाच. त्यावर 359 मुखं मोजतात, आणि मूळ लिंग धरून 360.

अशा देवळात खांब इतके जवळजवळ का, असं आपल्याला वाटतं. दगड वरचा भार सोसतो, पण लांब आडवा टाकला की मधोमध तडकतो. लाकडी वाशासारखा तो लवत नाही. म्हणून तुळया आखूड आणि खांब जास्त.

संगमेश्वराच्या अशाच एका तुळईवर लेख आहे. शके 940, म्हणजे इसवी सन 1018. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. तारीख असलेल्या अगदी जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. त्याची शेवटची ओळ अशी : ‘वाछि तो विजेया होइवा’. ही छपाईची चूक नव्हे हं! जो वाचील तो विजयी होईल, असा अर्थ. शिलालेखाच्या शेवटी बहुधा मोडणाऱ्याला शाप असतो. इथं वाचणाऱ्याला आशीर्वाद आहे. आम्हांला हे फार आवडतं, कारण त्या काळी वाचता येणारे किती थोडे असतील!

पण असे लेख पुसले जातात ते बहुतेक आपल्याच हातांनी. जीर्णोद्धारात ऑइलपेंट, तारेच्या ब्रशनं घासणं, रोजचं तेल आणि शेंदूर. कुठं कोरीव दगड धुणं आपटायला लागलेला असतो. तुमच्या गावात असा दगड असेल तर फक्त साध्या पाण्यानं माती काढा. अक्षरांत खडू भरू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो घ्या, सावलीमुळं अक्षरं उठून दिसतात. तो फोटो राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवा. आणि देवळाला रंग द्यायचा ठराव ग्रामसभेत आला, तर हात वर करण्याआधी विचारा, भिंतीवर काही कोरलेलं आहे का ते कुणी पाहिलंय?