बक्षीस आणि हक्क : ओबरहाउझेनच्या लघुपटांची गोष्ट



कारखान्याच्या फाटकावर बोनसविषयी बोलण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने लघुपटांच्या पारितोषिकांविषयी काय सांगावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते रास्तच आहे. माझे शिक्षण बेताचे. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. पण बक्षीस ही वस्तू आम्हां कामगारांच्या चांगल्या परिचयाची आहे. आमच्या एका सोबत्याने यंत्रात एक सुधारणा सुचविली. कंपनीचे पैसे वाचले आणि त्याला भिंतीवरचे घड्याळ बक्षीस मिळाले. दोन वर्षांनी त्याला कामावरून कमी केले. घड्याळ तेवढे चालू राहिले. तेव्हापासून बक्षिसाचे हक्कात रूपांतर कसे करावे, हा प्रश्न मला सोडीत नाही. त्याचे एक उत्तर मला पश्चिम जर्मनीतील लघुपटकारांच्या हकीकतीत सापडले. तीच आज सांगावयाची आहे.

प्रथम लघुपट म्हणजे काय ते पाहू. कान येथील महोत्सवात लघुपटांच्या स्पर्धेला १५ मिनिटांची मर्यादा आहे. ऑस्करच्या नियमांत ती ४० मिनिटांची आहे. परंतु लघुपट आणि मोठा चित्रपट यांत लांबीपेक्षा मोठा फरक आहे, तो पैशाचा. मोठ्या चित्रपटाला तिकिटाची खिडकी असते. लघुपटाला खिडकीच नाही. दहा मिनिटांसाठी तिकीट काढून कोण येणार? म्हणून तो बहुधा सरकारच्या, एखाद्या कंपनीच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या पैशावर निघतो. महोत्सव हाच त्याचा बाजार आणि पारितोषिक हेच त्याच्या कर्त्याचे प्रशस्तिपत्र. ते मिळाले तर पुढचे काम मिळण्याची आशा.

बर्ट हान्स्ट्रा ह्या डच दिग्दर्शकाचे उदाहरण घ्या. पाण्यातील प्रतिबिंबांतून आपला देश दाखविणाऱ्या त्याच्या लघुपटाला १९५१ साली कान येथे लघुपटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पुढे १९५८ साली त्याने 'ग्लास', म्हणजे 'काच', हा सुमारे अकरा मिनिटांचा लघुपट केला आणि त्याला ऑस्कर मिळाले. त्यात निवेदन नाही. आधी काच फुंकणारे कारागीर दिसतात : त्यांचे फुगलेले गाल, नळी फिरविणारी बोटे. मग यंत्र येते आणि बाटल्यांची रांग धावू लागते. एक बाटली फुटकी निघते, रांग अडते, मागच्या बाटल्या एकामागून एक खाली पडून फुटतात. तरी यंत्र आपले चालूच. शेवटी एका माणसाचा हात पुढे यावा लागतो. यंत्र आले की किती माणसे घरी जाणार, याचा हिशेब आम्ही सभांतून घसा कोरडा करून सांगतो. माणसावाचून यंत्र किती आंधळे असते, हे हान्स्ट्राने एक शब्द न बोलता सांगितले.

आता ओबरहाउझेनकडे वळू. रूरच्या खोऱ्यातील हे कोळशाचे व पोलादाचे शहर. तेथील लघुपट महोत्सव १९५४ साली सुरू झाला, तो एखाद्या चित्रपटधनिकाने नव्हे, तर तेथील लोकविद्यापीठाचे प्रमुख हिल्मार होफमान यांनी सुरू केला. लोकविद्यापीठ म्हणजे कामधंदा सांभाळून प्रौढांनी शिकावे म्हणून चालविलेली संस्था. आपल्या ह्या व्याख्यानमालेची मोठी बहीणच म्हणा ना. 'शेजाऱ्याकडे जाणारी वाट' हे महोत्सवाचे बोधवाक्य झाले. युरोपचे दोन तट पडले असताना पलीकडच्या पोलंडचे व चेकोस्लोव्हाकियाचे लघुपट तेथे दाखविले जात.

१९६१ साली तेथे अलेक्झांडर क्लूगे व पेटर शामोनी यांचा बारा मिनिटांचा लघुपट दाखविण्यात आला. न्यूरेंबर्ग येथे नाझी मेळाव्यांसाठी बांधलेल्या, आता ओस पडलेल्या इमारती पडद्यावर दिसतात आणि त्या काळचे शब्द कानी पडतात. त्या वेळचा जर्मन धंदेवाईक चित्रपट डोंगर, हिरवळ आणि गोड गाणी यांत रमला होता. कालच्या पापाकडे त्याने पाठ फिरविली होती. त्याच वर्षी राष्ट्रीय पारितोषिकाच्या योग्यतेचा एकही पूर्ण लांबीचा चित्रपट परीक्षकांना आढळला नाही. आणि इकडे तरुणांचे लघुपट मात्र परदेशी महोत्सवांतून बक्षिसे आणीत होते!

२८ फेब्रुवारी १९६२ रोजी ओबरहाउझेनच्या महोत्सवातच ह्या तरुणांपैकी २६ जणांनी सह्या करून एक जाहीरनामा काढला. आमच्या लघुपटांना जगाने पारितोषिके दिली आहेत, तेव्हा नवा मोठा चित्रपट घडविण्याचा आमचा हक्क आहे, असा त्याचा मथितार्थ. धंद्याच्या रूढींपासून, पैसे लावणाऱ्यांच्या दडपणापासून आणि हितसंबंधी गटांच्या पालकत्वापासून त्यांना मोकळीक हवी होती. आर्थिक जोखीम एकत्र उचलण्याचीही तयारी त्यांनी दाखविली.

आमच्या भाषेत सांगावयाचे तर हे मागणीपत्र होय. बक्षिसे एकेकट्याला मिळाली होती. मागणी सर्वांनी मिळून केली. माझ्या सोबत्याच्या घड्याळात आणि त्यांच्या पारितोषिकांत फरक पडला तो एवढाच, पण तो फार मोठा आहे. १९६५ साली तरुण दिग्दर्शकांच्या पहिल्या चित्रपटांना साहाय्य देणारे मंडळ स्थापन झाले. १९६६ साली क्लूगे यांच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाने व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिक मिळविले.

ह्या गोष्टीला उणी बाजू नाही असे मात्र नव्हे. त्या २६ सह्यांत एकाही स्त्रीची सही नव्हती. आणि लघुपटाने खाण वाचत नाही. ओबरहाउझेनच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. २०१८ च्या अखेरीस शेजारच्या बोट्रोप येथील जर्मनीची शेवटची दगडी कोळशाची खाणही मिटली. महोत्सव मात्र टिकला. २०२४ साली त्याचे सत्तरावे अधिवेशन भरले, तेही १ मे रोजी, कामगारदिनी.

त्याच मे महिन्यात आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या चिदानंद नाईक यांच्या सोळा मिनिटांच्या कन्नड लघुपटाने कान येथे विद्यार्थ्यांच्या विभागात पहिले पारितोषिक पटकाविले. एक म्हातारी गावचा कोंबडा चोरते आणि गावात सूर्य उगवेनासा होतो, अशी लोककथा त्यात आहे. ही इन्स्टिट्यूट १९६० साली सरकारने, प्रभात स्टुडिओच्या जागेत, उभारली. म्हणजे ह्या पारितोषिकामागे तुमच्याआमच्या कराचा पैसा आहे. तो खर्च अनाठायी आहे असे कोणी म्हणू लागले, तर त्याला उत्तर देणे आपले काम.

म्हणून, श्रोतेहो, अशा पारितोषिकाची बातमी आली की नुसत्या टाळ्या वाजवून थांबू नका. तो लघुपट आमच्या गावात कधी दाखविणार, असे विचारा. आणि ते करणाऱ्यांना पुढचे काम मिळाले काय, हेही विचारा.