पोलादी पेट्यांचे मजले

घरटंचाईवर उपाय सुचविणाऱ्यांच्या बोलण्यात अलीकडे मालवाहू कंटेनर वारंवार डोकावतो. जहाजावर या पोलादी पेट्यांचे सात-आठ थर उभे राहतात, समुद्राचे हेलकावे सोसतात. मग रिकाम्या पेट्या रचून चार मजली चाळ का उभारू नये, असा हा युक्तिवाद आहे. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. १९५६ साली माल्कम मॅक्लीन यांनी नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या धाडल्या, तेव्हापासून या पेटीने जगाचा व्यापार पालटून टाकला, हेही खरे. परंतु पेटीचे बळ नेमके कोठे असते, हा प्रश्न या युक्तिवादात विचारलाच जात नाही.

ते बळ छपरात नसते. छप्पर म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा. वरच्या पेटीचा भार खालच्या पेटीच्या चार कोपऱ्यांवर येतो आणि तेथील उभ्या खांबांतून जमिनीकडे उतरतो. हे खांब इतके दणकट की, पुष्कळ पेट्यांच्या पाटीवर रचणीचा भार १,९२,००० किलो असा नोंदलेला आढळतो. माणसे व त्यांचे सामानसुमान यांची त्यापुढे काय मातब्बरी! खरी अडचण आडव्या जोराची, म्हणजे वाऱ्याची आणि भूकंपाची. तो जोर पेलतात त्या बाजूंच्या पन्हाळी पत्र्याच्या भिंती. लांब तुळयांना वाकू न देण्याचे कामही त्यांचेच. आणि घर करावयाचे म्हणजे याच भिंतींना दारे-खिडक्या पाडावयाच्या. मोठी खोली हवी असेल तर दोन पेट्यांमधील भिंती सबंधच काढावयाच्या. जेवढे कापावे तेवढ्याच्या भरपाईला पोलादी चौकटी व तुळया जोडाव्या लागतात, आणि स्वस्ताईचा हिशेब तेथेच चुकू लागतो. शिवाय बाहेरून आठ फूट रुंद असलेल्या पेटीत उष्णतारोधक अस्तर घातले की हाती उरते ती बोळवजा खोली; न घालावे तर आपल्याकडील वैशाखात ती भट्टीच होय.

मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधील ओनागावा येथे वास्तुशिल्पी शिगेरू बान यांनी काढलेला मार्ग म्हणूनच मुद्दाम पाहण्याजोगा आहे. (२००१ च्या भूकंपानंतर भुजला कागदी नळकांड्यांचे घर बांधणारे ते हेच.) त्या गावात सपाट जागेची वानवा होती, एकमजली तात्पुरती घरे तेथे पुरेशी मावली नसती. बान यांनी बेसबॉलच्या मैदानावर वीस फुटी पेट्या दोन-तीन मजले रचल्या, परंतु एकीला एक चिकटवून नव्हे. बुद्धिबळाच्या पटावरील काळ्या घरांप्रमाणे एकाआड एक पेटी ठेवली आणि मधल्या रिकाम्या जागांत काचा बसवून उजेडाच्या बैठका केल्या. मुलांची खोली, न्हाणीघर अशा लहान गोष्टी पेटीत गेल्या. ऐसपैस खोलीसाठी भिंती उखडण्याची गरज त्यामुळे पुष्कळच कमी झाली.

आपल्याकडे अशी एखादी योजना मंजुरीसाठी येईल, तेव्हा नगरपालिकेने पेटीची किंमत विचारण्याआधी तिच्या भिंती कोठे व किती कापल्या जाणार आणि त्यांच्या जागी कोणते पोलाद येणार, याचे आराखडे मागवून घ्यावेत.