चुकलेला ठोका

गेल्या वर्षी परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहात वाचत बसलो होतो. एकाएकी छातीत धस्स झाले. हृदय क्षणभर थांबले आणि मग एक ठोका जोराने पडला. नाडी पाहिली, तर पाच-सहा ठोक्यांमागे एक गळत होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरी कळले तर शिक्षण सुटेल, या भीतीने महिनाभर गप्प राहिलो. जितका घाबरलो, तितके ठोके अधिक चुकले.

अखेर सरकारी रुग्णालयात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासून ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत्-आलेख काढला. याच आलेखाच्या शोधासाठी विलेम आइन्थोव्हेन या डच शास्त्रज्ञाला १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बाई म्हणाल्या, "ठोका चुकत नाही, लवकर येतो."

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंज असतो. विश्रांतीत तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा इशारा देतो. दिंडीत एखाद्या टाळकऱ्याने मात्रेआधीच टाळ वाजवावा, तसा कधी हृदयाचा दुसराच भाग आधी इशारा देतो. तोवर हृदयात रक्त पुरेसे भरलेले नसते, म्हणून तो ठोका मनगटापर्यंत पोहोचत नाही. मग थोडी विश्रांती होते, रक्त जास्त भरते आणि पुढचा ठोका जोरात जाणवतो. दिवसाकाठी लाखभर ठोक्यांत असे काही निरोगी माणसालाही येतात.

जागरण, अति चहा-कॉफी, तंबाखू, दारू, ताप आणि चिंता यांनी ते वाढतात. रक्तक्षय किंवा थायरॉइडचा विकार असेल, तर आधी त्यावर उपचार हवेत. ठोके फारच वारंवार येत असतील, तर चोवीस तासांचा आलेख काढतात. गरज पडल्यास औषध देतात. मात्र चक्कर, बेशुद्धी, छातीत दुखणे, धाप लागणे, किंवा घराण्यात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

माझा आलेख निर्दोष निघाला. रात्रीचा चहा आणि जागरणे सोडली. ठोका आजही अधूनमधून चुकतो. मी नाडी धरून बसत नाही, सावकाश श्वास घेतो. सुटीत वडिलांना सारे सांगितले. ते एवढेच म्हणाले, "महिनाभर एकट्यानं कशाला वागवलंस रे?"

मित्रहो, माझी खरी चूक तीच होती.