मोटरहोममधल्या टीव्हींसाठी एचडीएमआय मॅट्रिक्स

अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या मोटरहोममध्ये पुढे एक, बेडरूममध्ये एक आणि बाहेरच्या कप्प्यात एक असे टीव्ही असतात. त्यांना जोडणारा बटणांचा सिलेक्टर बॉक्स मात्र अ‍ॅनालॉग काळातला. त्यातून सॅटेलाइट रिसीव्हरचं चित्र धूसरच येतं, मग टीव्ही कितीही नवा घ्या!

त्याजागी एचडीएमआय मॅट्रिक्स बसवा. स्प्लिटर घेऊ नका, तो सगळीकडे एकच चित्र पाठवतो. मॅट्रिक्स प्रत्येक टीव्हीला वेगळं चित्र देऊ शकतो, त्यामुळे मुलं मागे सिनेमा बघू शकतात आणि पुढे मॅच चालू राहते.

खरी मेहनत केबलची. गाडी ४० फुटी असू शकते, म्हणजे सुमारे १२ मीटर. एवढ्या अंतरावर साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलवर फोर-के चित्र अडखळतं. ऑप्टिकल एचडीएमआय किंवा कॅट-६ वरचा एक्स्टेंडर घ्या. ऑप्टिकल केबलला दिशा असते. भिंतीच्या पॅनेलमागे ओढण्याआधी टोकं तपासा.

एक टीव्ही ७२०पी आणि बाकीचे फोर-के असतील, तर काही मॅट्रिक्स सगळ्यांना कमी दर्जाचं चित्र देतात. म्हणून प्रत्येक आउटपुटला वेगळं स्केलिंग असलेलं मॉडेल शोधा, थोडं महाग पडलं तरी. संरक्षित फोर-के कार्यक्रमांसाठी मॅट्रिक्सला एचडीसीपी २.२ (कॉपी-संरक्षणाची पद्धत) हवंच.

मॅट्रिक्स १२ व्होल्टचा असला तरी थेट बॅटरीला जोडू नका. चार्जिंगच्या वेळी तिथलं व्होल्टेज १४ च्या वर जातं. मध्ये रेग्युलेटर घाला. जुना बॉक्स काढताना छतावरच्या अँटेनाची कोअॅक्स मात्र काढू नका, ती सरळ टीव्हीच्या ट्यूनरला द्या.