विश्लेषण : रॅलीतील सर्वांत थरारक मोटारींवर बंदी का आली?

जागतिक रॅली अजिंक्यपद अर्थात डब्ल्यूआरसी मालिकेच्या इतिहासात सर्वाधिक चर्चा होते ती ‘ग्रुप बी’ मोटारींची. हे पर्व जेमतेम पाच मोसम टिकले. चाहते आजही त्याला सुवर्णकाळ म्हणतात. पण ते कसे संपले हे पाहिले, की हा शब्द जपूनच वापरावा लागतो.

रॅली म्हणजे नेमके काय?

फॉर्म्युला वनप्रमाणे येथे मोटारी एकाच ट्रॅकवर एकमेकींना मागे टाकत नाहीत. नेहमीचेच डांबरी, मातीचे वा बर्फाळ रस्ते काही काळ वाहतुकीला बंद करून त्यावर एकेक मोटार सोडली जाते. अशा टप्प्याला ‘स्पेशल स्टेज’ म्हणतात. सर्व टप्प्यांचा मिळून सर्वांत कमी वेळ, तो विजेता. पुढचे वळण कसे आहे, हे शेजारी बसलेला सहचालक वहीतून वाचून सांगत असतो. जानेवारी १९७३ मध्ये मॉन्टे कार्लो रॅलीने ही मालिका सुरू झाली. सुरुवातीला विजेतेपद फक्त कंपन्यांना मिळे. चालकांसाठीचे जगज्जेतेपद १९७९ मध्ये आले.

‘ग्रुप बी’त वेगळे काय होते?

१९८१ मध्ये ऑडीने क्वात्रो ही चारही चाकांना ताकद देणारी मोटार उतरवली आणि चित्रच पालटले. त्याच वर्षी मिशेल मूतोंने या मोटारीतून सान रेमो रॅली जिंकली. डब्ल्यूआरसीची फेरी जिंकणारी ती पहिली महिला. १९८२ पासून ‘ग्रुप बी’ नियम लागू झाले. केवळ २०० मोटारी बनवल्या, की त्या मॉडेलला प्रवेश मिळे. त्यामुळे कंपन्यांनी नावापुरत्या रस्त्यावरच्या, प्रत्यक्षात मात्र शर्यतीसाठीच घडवलेल्या मोटारी आणल्या. लॅन्सिया डेल्टा एस ४ मध्ये टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर दोन्ही होते. वजन सुमारे ९०० किलो, ताकद साडेचारशे अश्वशक्तीहून अधिक. इंधनाच्या टाक्या होत्या आसनांखाली.

मग बिनसले कुठे?

मोटारी बदलल्या, रस्ते आणि गर्दी तीच राहिली. प्रेक्षक रस्त्यातच उभे राहत आणि मोटार अगदी जवळ आली की बाजूला होत. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक फोर्ड आरएस २०० गर्दीत घुसली. तीन प्रेक्षक ठार, तीसहून अधिक जखमी झाले. आघाडीच्या चालकांनी पुढे मोटार चालवण्यास नकार दिला.

दोनच महिन्यांनी, २ मे रोजी, कॉर्सिका बेटावरील रॅलीत २९ वर्षांचा फिनिश चालक हेन्री टोइव्होनेन आघाडीवर होता. अंगात ताप असूनही तो स्पर्धेत उतरला होता. एका डाव्या वळणावर त्याची डेल्टा एस ४ रस्ता सोडून दरीत कोसळली, टाकी फुटली आणि मोटारीने पेट घेतला. तो आणि सहचालक सर्जियो क्रेस्तो दोघेही गेले. मोटारीचा फक्त सांगाडा उरला. बरोबर एक वर्षापूर्वी, २ मे १९८५ रोजी, याच रॅलीत लॅन्सियाच्याच अत्तिलियो बेत्तेगाचा मृत्यू झाला होता. त्या वेळी मात्र नियमांना हात लागला नव्हता.

बंदीनंतर काय बदलले?

काही तासांतच क्रीडाप्रमुख जाँ-मारी बालेस्त्र यांनी १९८७ पासून ‘ग्रुप बी’ बंद करण्याची घोषणा केली. त्याची जागा ‘ग्रुप ए’ने घेतली. तिच्यात प्रवेशासाठी तब्बल ५००० मोटारी बनवणे सक्तीचे होते, म्हणजे मोटार खरोखरच विकावी लागणार. लॅन्सियाने डेल्टाच्या या साध्या अवतारावर १९८७ ते १९९२ अशी सलग सहा विजेतेपदे मिळवली. पुढे सुबारू इम्प्रेझा आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या मोटारी याच नियमांतून पुढे आल्या. लान्सर इव्होल्यूशनमधून टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ सलग चार वेळा जगज्जेतेपद पटकावले. भारतात १९९८ मध्ये हिंदुस्थान मोटर्सने विक्रीस आणलेली लान्सर ही तिचीच घरगुती बहीण.