भटके मांजर घरचे कसे होते?



‘कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे’ असे आपल्याकडे म्हणतात. म्हणजे घरातली माणसे निघून गेली तरी मांजर भिंतींनाच धरून राहते. ही म्हण अर्धीच खरी आहे. उरलेले अर्धे आम्हांला मनीने शिकवले. मनी २०२४ साली गेली. तिची आठवण म्हणून हा लेख.

वांद्र्याला समुद्रकाठी चिंबई हे कोळ्यांचे जुने गाव आहे. तिथे माझ्या मामाचे घर. मासळी आली की मांजरे येणारच! २०१२ च्या पावसाळ्यात ओट्यावर एक करडी, पट्ट्यापट्ट्यांची मांजरी येऊन बसली. तिचा एक कान फाटलेला होता. आजीने तिला बोंबलाचे डोके टाकले. ते उचलून ती पसार! असे दोन महिने चालले. आजी म्हणायची, “येईल गं, तिला यायचं तेव्हा येईल. धरायला जाऊ नका.”

आजीचे म्हणणे शास्त्राला धरून होते. मांजराचे पिल्लू दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसाचा हात लागला, तर ते माणसाला भीत नाही. रस्त्यावर वाढलेल्या पिल्लाला तो हात मिळत नाही. म्हणून ते मोठेपणी आपल्याला भिते. त्याला पकडले की भीती आणखी वाढते. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी खाऊ दिला आणि आपण लांब बसलो, तर विश्वास हळूहळू बसतो.

विश्वास बसला हे कसे ओळखावे? मांजर शेपटी उभी धरून समोर येते. आपल्याकडे बघून सावकाश डोळे मिटते. पायाला गाल घासते. मांजराच्या गालात वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात. गाल घासून ते आपला वास आपल्याला लावते. म्हणजे ‘हा आपल्यातला’ अशी खूण करते. मनीने पहिल्यांदा गाल घासला तो आजीच्याच पायाला.

मांजराची जातच अशी आपणहून आलेली आहे. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला. धान्य साठले, तिथे उंदीर आले, आणि उंदरांमागे रानमांजरे आली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. इतकी जुनी ही सोबत!

आता त्या म्हणीकडे येऊ. २०१९ साली मामाचे घर दुरुस्तीला काढले. सगळ्यांना पाच महिने खारला भाड्याच्या खोलीत जायचे होते. शेजारी म्हणाले, “मांजर काही येत नाही तुमच्याबरोबर. इथंच सोडा.” पण जुने घर उघडे पडणार, मग तिला खायला कोण घालणार? आजी तर अडूनच बसली.

मामाने डॉक्टरांना विचारून एक युक्ती केली. मनीला झाकणाच्या टोपलीतून नेले. टोपलीत आजीचे जुने लुगडे घातले. ताटलीही तीच ठेवली. तीन आठवडे तिला बाहेर सोडले नाही. असे का? मांजर जागा ओळखते ती वासावरून. नव्या जागेत ओळखीचा वास नसतो, म्हणून ते घाबरून जुन्या जागेकडे पळते आणि वाटेत गाडीखाली सापडते. लुगड्याला आजीचा वास होता. पहिले दोन दिवस मनी ओरडली, खाटेखाली बसली. तिसऱ्या दिवशी जेवली. चौथ्या आठवड्यात दार उघडले, तरी ती आजीजवळच बसून राहिली. माणसे बरोबर असली आणि धीर धरला, तर मांजर माणसाचेही होते.

पण नुसती माया पुरत नाही. मांजर पाळायचे तर एवढे करावे :

१. कुत्र्याप्रमाणे मांजरालाही रेबीज होतो. त्याला दरवर्षी लस टोचावी. मामा मनीला परळच्या बाई साकरबाई पेटिट रुग्णालयात नेत असे. जुने लोक त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात.

२. मांजरी सुमारे दोन महिन्यांत विते, तेही वर्षातून दोन-तीनदा. मग नकोशी पिल्ले पोत्यात घालून बाजारात सोडतात. त्यातली बरीच मरतात. त्यापेक्षा मांजरीचे नसबंदीचे ऑपरेशन करावे.

३. माणसांच्या तापाची पॅरासिटामॉल गोळी मांजराला कधीही देऊ नये. तिने ते मरते.

४. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. हळद-चुना लावत बसू नये.

मनीची मूत्रपिंडे म्हातारपणी निकामी झाली. शेवटचे दिवस ती त्याच लुगड्यावर झोपून होती. मासे साफ करताना आजी अजूनही एक डोके बाजूला काढून ठेवते. मग तिच्या लक्षात येते, आणि ती ते ओट्यावरच्या दुसऱ्या मांजराला टाकते.

तेव्हा मित्रांनो, आपल्या शाळेच्या पडवीत एखादे मांजर आले तर त्याला दगड मारू नका आणि धरायलाही धावू नका. थोडे खायला ठेवा, लांब बसा आणि वाट बघा. पुढचे ते ठरवील.

— इयत्ता सातवी